उपवासात शिरलेला रस

१९४३ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान महालात गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपवास चालू होता, तेव्हा लंडनहून दिल्लीला एक विचारणा आली. गांधी उपवासात पाण्याबरोबर ग्लुकोज घेतात असे कानावर आले आहे, ते खरे आहे का, हे चर्चिल यांना पडताळून हवे होते. जवळ असलेल्यांना तसे वाटत नाही, उलट मागच्या एका उपवासात ग्लुकोज पोटात जाऊ नये म्हणून गांधी विशेष दक्ष होते, असे उत्तर व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी धाडले. तरीही पुढे युद्धाच्या आठवणी लिहिताना चर्चिल यांनी तोच आरोप पुन्हा केला. यात लपवण्यासारखे काही नव्हतेच. उपवासाआधी व्हाइसरॉयना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी स्वतःच सांगून टाकले होते की, एरवी मी उपवासात मीठ घातलेले पाणी घेतो, पण अलीकडे नुसते पाणी शरीर स्वीकारत नाही, म्हणून या वेळी ते पिता यावे यासाठी त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस घालणार आहे. मरण्यासाठी उपवास करीत नसून त्यातून पार पडण्याची इच्छा आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. वय त्र्याहत्तर. उपवासाच्या मध्यावर प्रकृती ढासळली, पाणी पोटात ठरेना, तेव्हा मोसंबीचा रस घातलेल्या पाण्याने निभावले. चर्चिल यांचा हेतू कुजका होता, पण त्यांच्या शंकेमागचा प्रश्न मात्र खरा होता : रस हे अन्न की पाणी? अन्न असेल तर त्याला उपवास का म्हणायचे, आणि पाणीच असेल तर त्याने माणूस तगतो कसा?

आज ‘ज्यूस फास्टिंग’ नावाने सात किंवा दहा दिवस केवळ फळाभाज्यांच्या रसावर राहण्याची जी रीत शहरांत रुजली आहे, तिच्या गुणदोषांची चर्चा बहुधा आहारतज्ज्ञांच्या तक्त्यांवरून होते. तिचा इतिहास पाहिला तर निवाडा अधिक नेमका करता येतो, आणि त्या इतिहासाचा मोठा भाग मुंबई-पुण्याच्या परिसरात घडलेला आहे. तो पाहून माझे मत असे झाले आहे की, उपवासाच्या परंपरेत रसाची जागा एक तर शेवटी, म्हणजे पारण्याला होती, किंवा उपवास झेपेनासा झाल्यावर दिलेल्या सवलतीची होती. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ही सवलतच औषध म्हणून मिरवू लागली. रसाचे जे फायदे सांगितले जातात ते बहुतांशी दुसऱ्या कशाचे तरी आहेत. आणि त्याचे जे धोके आहेत ते त्याला निरुपद्रवी समजण्यातून येतात.

आपल्याकडच्या जुन्या उपवासांत रस कुठे बसतो ते आधी पाहू. जैनांच्या वर्षीतपाची सांगता अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने होते. ऋषभदेवांनी दीर्घ तपानंतर हस्तिनापुरात श्रेयांसाच्या हातून इक्षुरस घेतला, त्या कथेचे ते अनुसरण. पण उपवासाच्या दिवशी घेतले जाते ते उकळलेले पाणी, तेही दिवस असेपर्यंत. मराठी घरातला उपवास तर वेगळ्याच वाटेने गेला. एकादशीला निर्जळी करणारे थोडे, साबुदाणा, वरी, शेंगदाणे आणि रताळी यांवर निभावणारे फार. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच पडलेली नाही. वैद्यकाचे म्हणाल तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानात लंघनाचे दहा प्रकार आहेत. त्यांत उपवास एक, तहान सोसणे दुसरा, व्यायाम, ऊन आणि वारा हेही त्यातच. फळांचे रस आयुर्वेदाला ठाऊक होते. ज्वरात लाह्यांच्या पिठाबरोबर द्राक्ष-डाळिंबाच्या रसाचे तर्पण सांगितले आहे. मात्र तर्पण हे लंघनाच्या विरुद्ध टोकाचे. शिणलेल्याला उभे करण्यासाठी ते द्यायचे. म्हणजे ज्याला आज उपवासाचे साधन म्हणतात, त्याची नोंद जुन्या वैद्याने पोषणाच्या खात्यात केली होती.

राजकीय उपवासांचाही घाट आधी असाच होता. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपवास केला तो मीठ आणि सोडा घातलेल्या पाण्यावर. पुणे करार झाल्यावर २६ तारखेला रवींद्रनाथांच्या उपस्थितीत कस्तुरबांनी संत्र्याचा रस दिला, तो उपवास सोडण्यासाठी. जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीत मौलाना आझादांनी पुढे केलेला पेलाही सांगतेचाच. पुढाऱ्याचे उपोषण कुणाच्या हातच्या रसाने सुटले याची छायाचित्रे छापण्याची आपल्या वर्तमानपत्रांची हौस अजून फिटलेली नाही, आणि २०११ मध्ये रामलीला मैदानावर अण्णा हजारे यांनी नारळपाणी आणि मध घेऊन उपोषण सोडले तेव्हाही तो प्रघात पाळला गेला. रस ओठाला लागला की उपवास संपला, ही समजूत लोकमानसात इतकी पक्की आहे. मग तो उपवासाच्या पोटात कधी शिरला?

त्याची वाट जर्मनीतून येते. लाइपझिगमध्ये लुई कुन्हे नावाच्या गृहस्थांनी १८८३ मध्ये उपचारगृह काढले. सगळे रोग मुळात एकच, शरीरात साठलेले परके द्रव्य हेच त्यांचे कारण, आणि थंड पाण्याचे कटिस्नान, बाफ व साधा आहार यांनी ते बाहेर काढले की रोग जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचे पुस्तक अनेक भारतीय भाषांत उतरले आणि निसर्गोपचाराच्या परिभाषेत ‘विजातीय द्रव्य’ हा शब्द कायमचा बसला. मातीच्या पट्ट्यांचा पुरस्कार करणाऱ्या अडोल्फ युस्ट यांचेही पुस्तक त्याच काळातले. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी ही पुस्तके वाचली आणि १९०२ च्या सुमारास मुंबईत, गिरगावातल्या बिऱ्हाडी, कुन्हेच्या पद्धतीचा प्रयोग आपल्या दहा वर्षांच्या मुलावर केला. मणिलालला विषमज्वर झाला होता. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप सुचवले, ते नाकारून गांधीजींनी कुन्हेच्या पद्धतीने कटिस्नान सुरू केले आणि तीन दिवस मुलाला पाणी मिसळलेल्या संत्र्याच्या रसावर ठेवले. ताप १०४ पर्यंत चढला, ओल्या चादरीत गुंडाळून रात्र काढली, मुलगा वाचला, आणि पुढे चाळीस दिवस पातळ दूध व फळांचा रस यांवर राहिला. ही हकिकत त्यांनी आत्मकथेत लिहिली आहे. रसाच्या कैवाऱ्यांना ती प्रिय असते, पण तिचा शेवट ते सहसा सांगत नाहीत. मुलगा देवाच्या कृपेने बरा झाला, जलोपचाराने की पथ्यपाणी आणि शुश्रूषेने, हे कोण सांगणार, असे गांधीजींनी तिथेच म्हटले आहे. शिवाय त्या काळी विषमज्वराच्या रोग्याला पातळ आहारावर ठेवण्याकडे डॉक्टरांचाही कल असे, कारण आतड्याला भोक पडण्याचे भय असे. त्यामुळे तो वाद रस की सूप असा होता. उपाशी ठेवणे की जेवू घालणे असा नव्हताच.

पुढचा टप्पा पुण्याचा. टोडीवाला रस्त्यावर दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. गांधीजींचा तिथे वावर असे. १९४५ मध्ये तुरुंगातून सुटलेल्या आणि आतड्याच्या विकाराने त्रासलेल्या सरदार पटेलांना ते उपचारांसाठी तिथेच घेऊन आले. पण पैसेवाल्यांच्या सोयीचा हा उपचार गरिबाला कसा मिळणार, ही टोचणी त्यांना लागली. शहरात गरिबांसाठी संस्था चालवण्याची आपली कल्पना चुकली असे कबूल करून मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले. आठवडाभर गावकऱ्यांवर उपचार केले आणि मागे सहकारी मणिभाई देसाईंना ठेवले. तिथला निसर्गोपचार आश्रम त्यातून उभा राहिला. टोडीवाला रस्त्यावरच्या वास्तूत आज केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. उरुळीच्या उपचारांत सूर्यस्नान, कटिस्नान, माती, ताक, भरपूर पाणी, फळांचा रस आणि या सर्वांवर रामनाम होते. रस होता, पण अनेकांतला एक. खेड्यातल्या माणसाला परवडेल तोच निसर्गोपचार, असा त्यांचा आग्रह होता, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी मोसंबीच्या रसाचे दहा पेले रोज कोण पुरवणार, या साध्या हिशेबाने रस तिथे मुख्य होणे शक्यच नव्हते.

तो मुख्य झाला युरोप-अमेरिकेत. जर्मन नौदलातले डॉक्टर ओटो बुखिंगर संधिवाताने जेरीस आले असता १९१९ मध्ये उपवासाने बरे झाले आणि त्यांनी उपवासाचे दवाखाने काढले. त्यांच्या पद्धतीत भाज्यांचे कढण, फळांचा थोडा रस आणि मध असे, सगळे मिळून दिवसाला काही शे उष्मांक. पण भोवती डॉक्टर, विश्रांती आणि देखरेख असे. अमेरिकेत नॉर्मन वॉकर यांनी १९३६ मध्ये कच्च्या भाज्यांच्या रसावर पुस्तक काढले आणि रस काढण्याचे यंत्रही विकले. इथे डॉक्टर गळाला आणि यंत्र आले. पुढे स्टॅन्ली बरोज यांचे लिंबू, मेपलचा पाक आणि तिखट यांचे दहा दिवसांचे पेय आले, आणि २००६ मध्ये गायिका बियॉन्से हिने चित्रपटासाठी वजन उतरवायला ते घेतल्यावर जगभर गाजले. या सगळ्यांतून वाहत आलेली कल्पना मात्र तीच, लाइपझिगची. विजातीय द्रव्याचे आता ‘टॉक्सिन’ झाले, एवढेच. हे टॉक्सिन नेमके कोणते, रसाआधी रक्तात किती होते आणि नंतर किती उरले, हे विचारले की उत्तर येत नाही. अल्कोहोल, अमोनिया, औषधांचे अवशेष ही खरी विषारी द्रव्ये यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र निपटतात. त्या कामाला प्रथिनेही लागतात, आणि रसात ती जवळजवळ नसतात. तिसऱ्या दिवशी जिभेवर आलेला पांढरा थर आणि तोंडाचा वास ही घाण बाहेर पडण्याची खूण मानतात. त्या वासात चरबी जळताना तयार होणाऱ्या कीटोनचा वाटा असतो, आणि नुसत्या पाण्यावर राहणाऱ्याच्याही तोंडाला तो येतो.

मग रस करतो तरी काय? एक गोष्ट नक्की करतो, आणि ती लहान नाही. अन्न बंद झाले की यकृतातली साठवण सुमारे एका दिवसात संपते. मेंदूला रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज लागते, आणि कीटोनवर चालण्याची सवय होईपर्यंत शरीर ते स्नायूंतली प्रथिने मोडून बनवते. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांतून तराफ्यावर तगलेल्या माणसांना कोणता शिधा द्यावा, याचा अभ्यास अमेरिकेत जेम्स गॅम्बल यांनी केला. दिवसाला शंभर ग्रॅम ग्लुकोज दिले तर ही प्रथिनांची मोडतोड जवळजवळ निम्म्यावर येते, असे त्यांना आढळले. लिटरभर मोसंबीच्या रसात ऐंशी-शंभर ग्रॅम साखर असते. तेव्हा रसाने उपवास सुसह्य होतो, चक्कर कमी येते, स्नायू थोडे वाचतात, काही पोटॅशियम मिळते. येरवड्याच्या मीठपाण्यापेक्षा रसाचा उपवास सौम्य आहे, हे मान्यच करायला हवे. पण याच आकड्यांनी चर्चिलच्या शंकेचेही उत्तर मिळते. गांधीजींच्या पाण्यात दिवसाला चार औंस रस धरला तरी तो सुमारे दहा ग्रॅम साखर आणि चाळीस उष्मांक. तो पाणी घशाखाली उतरवण्यापुरता. दोन लिटर रस म्हणजे आठशे उष्मांक. हा उपवास नव्हे, प्रथिने, चरबी आणि चोथा काढून टाकलेले जेवण आहे. आठवड्यात उतरलेल्या वजनात बराचसा भाग साठवणीतल्या साखरेचा आणि तिच्याबरोबर धरून ठेवलेल्या पाण्याचा असतो. पोळीभाजी सुरू झाली की तो परत येतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप प्रयोगाचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी आमवाताच्या रुग्णांवरचा एक नियंत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांच्या एका गटाला सात ते दहा दिवस वनौषधींचा चहा, लसूण, भाज्यांचे कढण आणि गाजर, बीट, सेलरी यांचा रस एवढ्यावर ठेवले. सांध्यांची सूज आणि वेदना स्पष्टपणे कमी झाल्या, आणि वर्षभरानंतरही या गटाची स्थिती दुसऱ्या गटापेक्षा चांगली होती. रसाच्या उपवासाच्या बाजूने याहून चांगला पुरावा माझ्या पाहण्यात नाही. तरी तो नीट वाचला पाहिजे. ऊर्जा दिवसाला दोन-तीनशे उष्मांक, म्हणजे रस नाममात्र. काम केले ते अन्न नसण्याने. अन्न तुटले की दाह मंदावतो. आणि वर्षभर टिकलेला फायदा त्या दहा दिवसांचा नव्हता, त्यानंतर एकेक पदार्थ जपून सुरू करत पाळलेल्या शाकाहाराचा होता. सगळे एका आरोग्यधामात, देखरेखीखाली. या अभ्यासावरून फ्रीजमधल्या सहा बाटल्यांची शिफारस करायची तर त्यातले जवळजवळ सगळेच गाळावे लागते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा : आश्रमात जाऊन दहा दिवस रसाहारावर राहिलेल्यांना बरे वाटते, रक्तदाब उतरतो, साखर आटोक्यात येते, हे हजारो लोक सांगतात, ते सगळे खोटे? अजिबात नाही. पण त्या दहा दिवसांत तळण, मीठ, दारू, तंबाखू आणि रात्रीची जागरणे एकदम बंद होतात. पहाटे चालणे होते, मालिश होते, कचेरीचा फोन वाजत नाही. एवढ्या बदलांतून श्रेय एकट्या रसाला देणे म्हणजे वरातीत पुढे नाचणाऱ्याला नवरदेव समजणे. रसाला वेगळे काढून पाहिले तर चित्र उलटेही निघते. २०१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापलेल्या मोठ्या पाहणीत अख्खी फळे, विशेषतः द्राक्षे, सफरचंद आणि ब्लूबेरी, खाणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले, तर फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत ते अधिक होते. पाहणीतून कारण सिद्ध होत नाही हे खरे, पण चोथा काढलेली साखर भराभर रक्तात उतरते, या साध्या शरीरधर्माशी ते जुळते.

निरुपद्रवीपणाच्या समजुतीने काय होते त्याचे उदाहरण आपल्याच भोपळ्याचे आहे. सकाळी कच्च्या दुधीचा रस पिण्याची लाट आली, आणि २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यावर मृत्यू झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. दुधीतले कडू कुकर्बिटासिन पोटात गेले तर रक्ताची उलटी आणि रक्तदाब कोसळण्यापर्यंत वेळ येते. कडू लागलेला रस एक घोटही पुढे पिऊ नये आणि इतर रसांत मिसळू नये, असे समितीने बजावले. २०१८ मध्ये पुण्यातही असाच एक मृत्यू झाला. कडू दुधी भाजीत आला तर घरातली बाई पहिल्या घासाला ताट बाजूला सारते. पेला मात्र औषध समजून नाक दाबून रिचवला जातो, आणि तिथेच घात होतो. मूत्रपिंडे कमकुवत असलेल्यांना नारळपाणी आणि फळांच्या रसातले पोटॅशियम हृदय बंद पाडण्याइतके चढू शकते. पालकासारख्या पाल्याच्या रसातल्या ऑक्झलेटने मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्याने स्वतःच्या मनाने जेवण सोडले तर रात्रीतून साखर कोसळते. गरोदर बाई, वाढत्या वयाची मुले, खाण्याच्या विकारातून गेलेली माणसे यांना हा प्रयोग वर्ज्यच. धडधाकट माणूस तीन दिवस रसावर राहिला तर त्याचे फारसे बिघडत नाही, आणि फारसे सुधारतही नाही.

‘आपले पूर्वज उपवास करतच आले, त्यांना कुठे डॉक्टर लागला?’ हा तिसरा आक्षेप भावनेला पटणारा आहे. पूर्वजांचा उपवास बहुधा एक दिवसाचा असे, आणि लांबला तर तो सोडायचा कसा याचे शास्त्र त्यांनी बारकाईने बांधले होते. शोधनानंतर, म्हणजे शरीरशुद्धीनंतर, आधी पेया, म्हणजे तांदळाची पातळ पेज, मग घट्ट विलेपी, मग मुगाचे कढण, आधी बिनफोडणीचे आणि नंतर तूप-मिठाने संस्कारलेले, असा कित्येक दिवसांचा क्रम आयुर्वेदात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांना एकदम पोटभर जेवू घातल्याने काही जण दगावले, तेव्हा आधुनिक वैद्यकाला हाच धडा नव्याने शिकावा लागला. दीर्घ उपवासानंतर साखर एकदम आली की रक्तातले फॉस्फेट झपाट्याने पेशींत ओढले जाते, थायमिन अपुरे पडते आणि हृदय दगा देते. दहा दिवसांच्या रसाचे संच घरपोच येतात, त्यांत अकराव्या दिवशीच्या पेजेचा उल्लेख क्वचितच असतो.